राग गेला की वर येजो

पाण्यात उतरायच्या आधी हा माणूस रोज माझ्या वडिलांचा अपमान करायचा. मी कमरेला दोरी बांधून, पाठीवर हवेचं सिलिंडर चढवून काठावर उभा असायचो आणि उस्ताद माझ्या कानाशी येऊन सावकाश म्हणायचे, "तुया बाप काई मास्तर नाई. घंटा वाजवनारा गडी हाये. चुकून खडू देल्ला त्याच्या हातात सरकारनं."

माझे वडील नार्नूरकडच्या एका वाडीवर शाळा चालवायचे. चार वर्ग, एक खोली, आणि तेच एकटे. पावसाळ्यात ओढा भरला की कपड्यांचं गाठोडं डोक्यावर बांधून पलीकडे जायचे आणि ओल्या अंगानं हजेरी घ्यायचे. आमच्या घराण्यात अक्षर वाचणारा तो पहिला माणूस. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मला त्यांनी बाराखडी शिकवली. त्यांना हा माणूस घंटा वाजवणारा गडी म्हणायचा. मी दातओठ खात पाण्यात शिरायचो, आणि उस्तादांना तेच हवं असायचं.

उस्ताद हे आम्हीच ठेवलेलं नाव. बोथकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचं हे पोर तरणेपणी घरातून पळालं, मुंबईच्या गोदीत बुडालेल्या बोटींचं लोखंड काढायला शिकलं, आणि चाळिशी उलटल्यावर एक बहिरा कान घेऊन गावी परत आलं. आदिलाबाद जिल्ह्यात समुद्र नाही, पण धरणाचे दरवाजे अडकतात, पुलाचे खांब खचतात, विहिरीत मोटारी पडतात. अशा कामांसाठी त्यांनी दोन माणसं हाताशी धरली. एक मी, दुसरा लक्ष्मण. लक्ष्मण त्यांच्याच बाजूचा, ज्वारी पिकवणारा, बैलांवर जीव टाकणारा. त्याच्यासाठी रोजची शिवी अशी होती, "तुये बैल तुयापेक्षा हुशार. ते काठावर तरी थांबतेत." लक्ष्मण तेवढ्यानं लालबुंद व्हायचा.

आई आणि जात या दोन गोष्टींना मात्र उस्तादांनी कधी हात लावला नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या रागानं मानूस आंधया होते. मले डोये उघडे पाह्यजे."

ही त्यांची विद्या होती आणि ती कुठल्याही पुस्तकात नसावी. खोल पाण्यात साधी हवा ओढली की ती दारूसारखी चढते. ऐकीव सांगत नाही, अनुभव घेतलाय. आमच्याकडे विहीर परसानं मोजतात, एक परस म्हणजे उभा माणूस. वीस परस खाली गेलं की डोकं हलकं होतं. तीस परसाला मोहाची पहिल्या धारेची घेतल्यासारखं वाटतं. भीती जाते, घाई जाते, सगळं जग भलं वाटायला लागतं. या भलं वाटण्यानंच माणूस मरतो. गोदीतल्या त्यांच्या एका साथीदारानं खाली पायातले पोहायचे रबरी पंख काढले, देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसे जोडीनं मांडले, आणि निवांत आडवा झाला. तो पुन्हा उठला नाही.

"खाली घड्याय दिसते, पन पटत नाई," उस्ताद म्हणायचे. "हवेचा काटा दिसते, तोबी पटत नाई. राग मातर आपला आपल्याले समजते. खाली गेल्यावर घडीघडी बापाची घंटा आठवजो. राग आला, तं शुद्धीवर हायेस. नाई आला, मले माफ करावं वाटलं, का दोरी हलव. राग गेला की वर येजो. काम गेलं खड्ड्यात."

म्हणून हा माणूस स्वतः कधी हसला नाही. चहा बिनसाखरेचा प्यायचे, कारण गोड तोंडानं पाण्यात जाऊ नये. दिवसभर पाण्यात असूनही अंघोळ दोन तांब्यांत उरकायचे, कारण पाण्याशी जास्त ओळख ठेवू नये. कुणी गुणगुणलं तर त्याला त्या दिवशी उतरू देत नसत. आमची उतरायची दोरी रात्री गुंडाळून उशाला घ्यायचे. त्यांच्या डोक्याखालची दोरी काढायची कुणाची छाती नव्हती. लक्ष्मणला मुलगी झाली तेव्हा तो पेढे घेऊन नाचत आला. उस्तादांनी त्याला तिथूनच परत पाठवलं. "आनंदात हायेस. घरी जा. पोरगी पाह्य, बायकोशी भांडन कर, मंग ये." लक्ष्मण पाय आपटत गेला आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच भांडून आला.

उस्ताद स्वतः उतरायचे तेव्हा त्यांना राग आणायचं काम माझ्याकडे होतं. ते मला कधी जमलं नाही. मी म्हणायचो, तुमी बहिरे हाये. ते म्हणायचे, हावो. मी म्हणायचो, तुमच्या कपाशीले बोंडं येत नाईत. ते म्हणायचे, "मास्तराचं पोट्टं, शिवीबी निबंधासारकी देते." मग स्वतःच मनातल्या मनात आपल्या दुश्मनांची नावं घेत पाण्यात शिरायचे.

ती नावं त्यांना वर येतानाही लागत. खोल गेल्यावर रक्तात हवा मुरते. एकदम वर आलं तर ती गोटी सोड्यासारखी फसफसते, सांध्यांत शिरते, मणक्यात शिरते. म्हणून येताना वाटेत थांबावं लागतं. उस्तादांनी दोरीला ठरलेल्या जागी गाठी मारून जुन्या लुगड्याची फडकी बांधली होती. फडकं वरच्या माणसाच्या हाती लागलं की ओढणं थांबायचं आणि खालच्यानं तिथंच लटकत राहायचं. किती थांबायचं, ते वरचा माणूस घड्याळावर बघायचाच. शिवाय ज्यानं त्यानं मनात मोजायचं. मी त्रिसरण-पंचशील म्हणायचो. लक्ष्मण बोथपासून नागपूरपर्यंत सडकेवरची गावं म्हणायचा आणि परत यायचा. उस्ताद शेवटच्या फडक्याशी आपले सगळे दुश्मन आठवायचे, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. वय वाढलं तशी ती यादी वाढत गेली आणि त्यांचं थांबणंही लांबत गेलं.

आणि हवेचा नियम एकच होता. "जायाची हवा तुई. यायाची हवा मायी. मायीले खाली हात लावशीन तं वर आल्यावर मीच मारीन."

एकदा माझे वडील आमच्या कामाच्या मुक्कामावर आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की तुमच्या नावाचा उद्धार रोज पाण्याच्या काठावर होतो. नीळ दिलेला पांढरा शर्ट घालून, छत्री घेऊन, दोन बस बदलून ते भांडायला आले होते. उस्तादांनी उठून त्यांच्यासाठी खाट झटकली, साखर घातलेला चहा मागवला आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या नावानंच तुमचं पोरगं रोज जितं वर येते. मले दुसरं नाव सापडलं नाई." वडिलांनी छत्री खाटेला टेकवली आणि चहा प्यायले. जाताना मला एवढंच म्हणाले, "म्हणू दे त्यांना. घंटा मी वाजवतोच."

मला मात्र ते कधी गोड लागलं नाही. कारण कळलं तरी राग यायचाच. आणि तो गेला म्हणजे काय, हे मला एकदाच कळलं. त्या वर्षी, नव्वद सालाच्या आगेमागे, मँगनीजची एक जुनी, पाण्यानं भरलेली खाण एका खाजगी कंपनीनं पुन्हा उघडायला घेतली होती. तळाशी मोठे पंप पडून होते. त्यांना साखळ्या अडकवून द्यायचं काम आमचं. तीस परस पाणी, कोळशासारखं काळं. तळाशी पंपाला हात लावून मी सवयीनं घंटा आठवली, आणि मला ती गंमत वाटली. वाटलं, वडीलही हसतील. उस्ताद किती भला माणूस, बिचारा. त्या 'बिचारा' शब्दाशी मी चपापलो आणि दोरी हलवली. वर येताना दुसऱ्या फडक्याशी राग जशाचा तसा परत आला. मास्तरला घंटावाला म्हणतो. मला इतकं हायसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या कंपनीचा मॅनेजर हैदराबादकडचा होता. गोड माणूस. सगळ्यांना बेटा म्हणायचा, खांद्यावर हात ठेवायचा, बायकापोरांची नावं लक्षात ठेवायचा. उस्ताद त्याच्याकडे पाठ करून जेवायचे. म्हणायचे, "ह्या मानसापाशी उभं राह्यलं तरी मले तीस परस खाली गेल्यावानी वाटते."

एके दिवशी हवा भरायच्या यंत्राचा पट्टा तुटला. भरलेली सिलिंडरं तीनच उरली. उस्तादांनी सांगितलं, पट्टा येईस्तोवर कुणी उतरायचं नाही, आणि ते व मी आदिलाबादला पट्टा आणायला गेलो. मला तशीही सर्दी होती. सर्दीत कान दबतात, उतरता येत नाही. परत आलो तर खाणीच्या काठावर मांडव. खुर्च्या, झेंडूच्या माळा, आणि फुग्यांची एक कमान. कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर पंप पाण्याबाहेर निघायला हवा होता. मॅनेजरनं लक्ष्मणला गाठलं होतं. हार घातला, पेढा भरवला, "शेर है तू, बेटा, उस्ताद से बढ़कर है," म्हणाला. लक्ष्मणला जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. तो हसत उतरला. त्याला शिवी द्यायला तिथं कुणी नव्हतं.

दोरी मॅनेजरच्या ड्रायव्हरच्या हातात होती. उस्तादांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. ओढली तर सरसर वर आली, मोकळी. टोकाशी लक्ष्मणची गाठ सोडलेली. ती निसटली नव्हती, नीट सोडलेली होती. खाली त्याला दोरीची अडचण वाटली असणार.

उस्तादांनी सिलिंडर मागितलं. लक्ष्मणनं एक नेलं होतं, दोन उरायला हवी होती. एकच होतं. दुसऱ्याची हवा फुग्यांत होती. मॅनेजरच्या माणसांनी त्या हवेनं कमान फुगवली होती. आम्ही जी हवा घोट घोट मोजून प्यायलो, ती त्यांनी रंगीत रबरात भरून वाऱ्यावर टांगली होती. त्या दिवशी उस्तादांना राग आणायला माझी गरज पडली नाही.

ते उतरले. मी दोरी धरली. मॅनेजर मागून म्हणत होता, "कुछ नहीं होगा, बेटा, उस्ताद है ना." दोरी गेली, थांबली, आडवी फिरली, पुन्हा थांबली. मग वर यायची खूण आली आणि मी ओढायला लागलो. दोन माणसांचं वजन हाताला समजत होतं. पहिल्या फडक्याशी थांबायची खूण झाली. मी थांबलो. आणि थोड्या वेळानं उस्तादांचं डोकं पाण्याबाहेर आलं. पाठीवर सिलिंडर नव्हतं, कमरेला दोरी नव्हती. माझ्या हातातली दोरी अजून जड होती.

"वढू नोको," ते म्हणाले. "तो खाली फडक्यापाशी हाये. त्याची हवा सरली, मायं सिलिंडर त्याले देल्लं. डोकं ताळ्यावर येऊन राह्यलं त्याचं. घड्याय पाह्य, अन तुयं पंचशील म्हन. नीट म्हन. घाई करशीन तं मरन तो."

यायची हवा त्यांनी देऊन टाकली होती. दोघांना पुरणारी नव्हती, म्हणून एकाला ठेवून दुसरा सरळ वर आला. वर आल्यावर काय होणार, ते त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. काठावर बसून ते आधी खांदे खाजवू लागले. मग मांड्यांवर थापटी मारून पाहू लागले. मी दोरी सोडू शकत नव्हतो. पंचशील म्हणत, एकेका फडक्यानं लक्ष्मणला वर घेत, मी माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाचे पाय मरताना पाहिले. लक्ष्मण धडधाकट वर आला. उस्तादांना उठता आलं नाही.

मी जीप मागितली. जीपच्या बॉनेटवर झेंडूचा हार बांधलेला होता. ती पाहुण्यांना आणायला निघाली होती. मॅनेजर म्हणाला, "बस, उनको आने दो, फिर ले जाओ." पाहुणे आले, भाषण झालं, पंप निघाला नाही, आणि दिवस मावळताना जीप मिळाली. आदिलाबादच्या डॉक्टरनं खरं ते सांगितलं. ह्या दुखण्याला समुद्रकाठी एक लोखंडी खोली असते, तिच्यात माणसाला पुन्हा पाण्याखालचा दाब देतात. जितक्या लवकर न्याल तितकं बरं. आम्ही ट्रकमधून नेलं तोवर फार उशीर झाला होता. कंपनीनं वर कळवलं की उस्ताद हुकूम मोडून उतरले.

लक्ष्मण आज नांगर धरतो, विहिरीजवळ जात नाही. मॅनेजरला तो वाईट म्हणत नाही. एकदा मला म्हणाला, "खरं सांगू का, खाली लई मस्त वाटलं होतं. तसं मंग कदीच नाई वाटलं." मला त्याचाही राग येतो.

मी पाणी सोडलं, बोथला मंडल दफ्तरात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कारकून झालो. उस्तादांचं गाव तिथून जवळ. त्यांची विधवा बहीण त्यांचं सगळं करायची. ओसरीवर खाट, उशाला तीच दोरी, आणि समोर दोन शेळ्या. मी आठवड्यातून एकदा जायचो आणि ते मला शिव्या द्यायचे. पोट सुटलं, खुर्चीनं खाल्लं तुले, बापाचं नाव तरी ठेवजो. दर दिवाळीला मॅनेजर मिठाईचा डबा पाठवायचा. उस्ताद तो खाटेवरूनच उघडायचे आणि एकेक वडी शेळ्यांना फेकायचे. "खा वो बाई, हैद्राबादची हाये." शेळ्या चांगल्या माजल्या होत्या.

शेवटच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा डबा त्यांच्या छातीवर उघडा होता. ते स्वतः खात होते. बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस बोटं चाटत होता.

"घे," मला म्हणाले. "चांगली हाये."

मी ती वडी घेऊन शेळ्यांपुढे टाकली.

"तो मॅनेजर आलता काल. रडला बिचारा. मानूस वाईट नोयता रे तो. जाऊ दे आता."

त्यांनीच शिकवलेली विद्या होती. मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. खाटेवर पडलेला हा माणूस फार खोल गेला होता, आणि मी काठावर होतो. मी म्हणालो, तुमी कायचे उस्ताद, भंगारवाले गोदीतले. ते ऐकत राहिले. मी फुग्यांची आठवण दिली, जीपच्या हाराची दिली. ते वडी चघळत राहिले. मग मी अशी शिवी दिली जी मी जागेपणी तर सोडा, स्वप्नातही दिली नसती. "लक्ष्मणले फडक्यापाशी टांगून तुमी जीव वाचवाले पयाले वर."

बहिणीच्या हातातला तांब्या खाली पडला. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "असन," म्हणाले. "तसंबी असन, बाबा."

मी त्यांच्या उशाची दोरी धरली आणि ओढली. वर यायच्या खुणेनं ओढली, पुन्हा ओढली. त्यांचं डोकं हललं, बाकी काही झालं नाही. बहिणीनं माझे हात धरून मला ओसरीवरून खाली नेलं. शेळ्या बघत होत्या. पंधरवडाही गेला नाही आणि उस्ताद गेले.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला. पांढरे कपडे, ओले डोळे. डोळे खरंच ओले होते, ते मी नाकारत नाही. लोक बसले होते, त्यांच्यासमोर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उन्होंने मुझे माफ कर दिया था, बेटा. आख़िर में गले लगे. अब तुम भी दिल साफ कर लो."

मी थकलो होतो. इतकी वर्षं झाली होती, माणूस म्हातारा झाला होता, हात ऊबदार होता, आणि आत काहीतरी सैल व्हायला लागलं. बिचारा, असं मनात आलं. तो शब्द आला आणि मी सवयीनं तपासून पाहिलं. फुग्यांची कमान आठवली. हार घातलेली जीप आठवली. मांड्यांवर थापटी मारणारे हात आठवले. राग आला. पूर्ण आला, जागच्या जागी.

मी त्याचा हात खांद्यावरून खाली ठेवला आणि त्याच्या भाषेत, त्याला नीट समजेल असं सांगितलं, "साहब, वो बहुत नीचे थे. मैं ऊपर हूँ."